आजोबांची पुस्तकं कुठे द्यायची, त्याआधी यादी

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले: ‘शनिवारी वाड्याचा ताबा द्यायचाय, तोवर माळा रिकामा करायला हवा.’

तुम्ही कळवलंय ते थोडक्यात असं. आजोबा शास्त्री होते. जन्मभर वेदान्त शिकवला, चातुर्मासात देवळात पुराण सांगितलं. मागे दोनेक हजार छापील पुस्तकं आहेत, लाल फडक्यांत बांधलेल्या शंभर-सव्वाशे पोथ्या आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या वह्यांची एक ट्रंक आहे. काका म्हणतात, पवित्र ग्रंथ आहेत, रद्दीत जायला नकोत, नदीत सोडू. अमेरिकेतले दादा चार जुन्या पोथ्या आठवण म्हणून नेणार म्हणतात. एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी येऊन बघून गेला, तो ‘निवडक’ उचलायला तयार आहे. तुमच्या मनात सगळं एखाद्या चांगल्या संस्थेला द्यायचं आहे, आणि ती कोणती, एवढंच तुम्ही विचारलंय.

संस्थेकडे मी येते, पण जरा उशिरा. 31 वर्षं मी पोथ्यांच्या आणि जुन्या ग्रंथांच्या याद्या करते आहे, मठांत, वाड्यांत, संस्थांच्या तळघरांत. शास्त्र्या-पुराणिकांचे संग्रह कसे विस्कटतात ते जवळून पाहिलं आहे. वाळवीने खाल्लेले पाहिले, पावसाने भिजलेले पाहिले, पण सगळ्यांत जास्त संग्रह मी ‘चांगल्या ठिकाणी दिले’ म्हणून गेलेले पाहिले. घरातून टेम्पो निघाला, सगळ्यांना बरं वाटलं, आणि त्या टेम्पोत नेमकं काय होतं हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून माझं सांगणं असं की एकही पुस्तक घराबाहेर जायच्या आधी त्यांची यादी व्हायला हवी. यादी कच्ची असली तरी चालेल. वहीत पेन्सिलीने केलेली चालेल. पण आधी यादी.

हे मी एका जुन्या उदाहरणावरून शिकले, ते सांगते. सतराव्या शतकात काशीत कवींद्राचार्य सरस्वती नावाचे संन्यासी राहत. मूळचे आपल्या गोदातीरावरचे, ऋग्वेदी. शहाजहान बादशहाकडे रदबदली करून त्यांनी काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर उठवून घेतला. त्याबद्दल पंडितांनी त्यांच्या स्तुतीचे श्लोक रचले आणि ते ‘कवींद्रचंद्रोदय’ या नावाने एकत्र केले गेले. बर्निए नावाचा फ्रेंच प्रवासी काशीला आला, तेव्हा तिथल्या पंडितांच्या प्रमुखाचं ग्रंथांनी भरलेलं दालन त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. ते प्रमुख म्हणजे कवींद्राचार्यच, असं पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी पुढे मांडलं. केवढा तो संग्रह असेल! संन्याशाला मुलंबाळं नाहीत, घर नाही. त्यांच्या मागे सगळं पांगलं. आज ते दालन कुठेच नाही.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, त्यांच्या ग्रंथांची सूची. ती काशीच्या एका मठात सापडली आणि 1921 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘कवींद्राचार्यसूचिपत्रम्’ म्हणून छापली गेली. विषयवार 2,192 नोंदी आहेत त्यात. दुसरी गोष्ट म्हणजे पोथीच्या पहिल्या पानावरची एक ओळ: सर्वविद्यानिधान कवींद्राचार्य सरस्वती यांचं हे पुस्तक, अशा अर्थाची. या ओळीमुळे बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयात आणि इतरत्रही त्यांच्या पोथ्या ओळखता आल्या. साडेतीनशे वर्षांनी एखादी पोथी उघडावी आणि ती कुणाच्या मांडीवर वाचली गेली हे कळावं, याचं सगळं श्रेय त्या एका ओळीचं आणि त्या सूचीचं. ग्रंथ पांगले तरी संग्रह ओळखता येतो, ही गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून बसली आहे.

तुमचे आजोबा कवींद्राचार्य नसतील. पण त्यांच्या कपाटात कुठल्या पुस्तकाशेजारी कुठलं पुस्तक होतं, पंचदशी या वेदान्तग्रंथाच्या कोणत्या प्रकरणात ते सारखे परत जात, कुणाचं भाष्य त्यांना पटलं नाही, हे सगळं आज त्या माळ्यावर जसंच्या तसं आहे. शनिवारी हमालांनी पोती भरली की संपलं.

तेव्हा शनिवारचं आधी बघू. चार दिवसांत दोन हजार पुस्तकांची यादी होत नाही. दोन माणसं नीट बसली तर दिवसाला दीडशे ते दोनशे पुस्तकं होतात, त्याहून जास्त केली तर चुका व्हायला लागतात. म्हणजे दहा-बारा दिवसांचं काम. म्हणून आत्ता एवढंच करा. काहीही हलवण्याआधी मोबाइलने प्रत्येक फळीचा, प्रत्येक ट्रंकेचा उघडून फोटो काढा, पुस्तकांच्या पाठीवरची नावं दिसतील इतक्या जवळून. फळीला आणि ट्रंकेला नंबर द्या. खोकी भरताना एका फळीचं एका खोक्यात, आणि खोक्यावर तोच नंबर. खोकी लहान घ्या, किराणा दुकानातली साबणाची वगैरे असतात तेवढी. मोठ्या खोक्यात पुस्तकं कोंबली की तळ फाटतो आणि खालच्या पुस्तकांची बांधणी मोडते. पोथ्या उभ्या ठेवू नका, आडव्याच ठेवा, फडकं सोडू नका. हे सगळं ओळखीच्या कुणाच्या तरी कोरड्या खोलीत हलवा. तळमजला नको, भिंतीला ओल असलेली खोली नको. दोन महिन्यांचं भाडं द्यावं लागलं तरी द्या.

काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. पोथी रद्दीवाल्याच्या तराजूत पडू नये म्हणून ते नदीचं नाव काढतात, त्यामागे श्रद्धा आहे. जीर्ण झालेलं देवाचं काही असलं की पाण्यात सोडायचं, हे आपण सगळे पाहत आलो. पण त्यांना एक श्लोक दाखवा. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक, म्हणजे पोथी उतरवून काढणारा, तो पुष्कळदा लिहितो:

तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात् ।
मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम् ॥

तेलापासून मला जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच म्हणतं. तुमच्या शंभर पोथ्यांत हा श्लोक एखाद्या तरी पोथीत सापडण्याची बरीच शक्यता आहे. काकांना तो आजोबांच्याच पोथीतून वाचून दाखवता आला तर मला वाटतं ते ऐकतील. माझ्या अनुभवात तरी घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा श्लोक ऐकून नदीचा विषय सोडला आहे. जी पानं खरोखर पिठासारखी झाली आहेत, ज्यांवर एक अक्षरही वाचता येत नाही, त्यांचं काय करायचं ते मग काकांनाच ठरवू द्या. कागदाच्या कारखान्यात लगदा व्हायला दिली तरी ती पायदळी पडत नाहीत, हेही त्यांना सांगून बघा.

दादांना मात्र स्पष्ट सांगायला हवं. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्याच्या दृष्टीने मोल असलेलं हस्तलिखित 75 वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पुरावस्तू ठरतं, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरची वस्तू आहे, आजोबांची आठवण आहे, हे विमानतळावर चालत नाही. एखादी वस्तू पुरावस्तू नाही असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तसं प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं. दादांना आठवण हवी असेल तर आजोबांच्या नित्य पाठातली छापील ज्ञानेश्वरी किंवा गुरुचरित्र द्या, साध्या अलीकडच्या आवृत्तीतलं. आणि पोथ्यांचे फोटो सगळे द्या. खरं सांगायचं तर त्या फोटोंची एक प्रत सातासमुद्रापलीकडे असणं संग्रहाच्या सुरक्षेसाठीही चांगलंच.

व्यापाऱ्याबद्दल एवढंच सांगेन की तो ‘निवडक’ म्हणतो तेव्हा त्याला काय विकतं ते तो निवडतो, आणि उरतं त्याचा अर्थ मग कुणालाच लावता येत नाही. यादी होईपर्यंत त्याला थांबवा. यादी झाल्यावर काही पुस्तकं विकायची ठरली तर त्यात गैर काही नाही.

आता यादी करायची कशी. छापील पुस्तकं सोपी आहेत. मुखपृष्ठ, आतलं शीर्षकाचं पान आणि छपाईचा तपशील असलेलं पान, असे तीन फोटो. वहीत क्रमांक, नाव, कर्ता किंवा संपादक, छापखाना, साल. क्रमांक पुस्तकात लिहायचा तर फक्त मऊ पेन्सिलीने, शेवटच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात. शिक्के, चिकटपट्टी, लेबलं काही नको. सेलोटेप तर आयुष्यात कुठल्याही जुन्या कागदाला लावू नका. दहा वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होतो आणि अक्षरासकट कागद घेऊन निघतो.

मग प्रत्येक पुस्तक पान पान उलटून बघायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळा जीव यातच आहे. शास्त्री माणसाच्या छापील पुस्तकाची किंमत त्याच्या समासात असते. निर्णयसागर छापखान्यातलं ब्रह्मसूत्रशांकरभाष्य अनेक ग्रंथालयांत मिळेल. पण ज्याच्या समासात तुमच्या आजोबांनी चाळीस वर्षं बारीक अक्षरात शंका लिहिल्या, पाठभेद टिपले, ‘अत्र गुरुचरणाः’ म्हणून आपल्या गुरूंनी काय सांगितलं ते नोंदवलं, ती प्रत जगात एकच. अशा प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीपुढे ठळक खूण करा आणि टिपांच्या पानांचे सगळे फोटो घ्या.

यात एक घटना सांगते, कारण ती मला अजून सलते. एका मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसाशास्त्राच्या पंडितांच्या, घरच्यांनी त्यांचा संग्रह जवळच्या एका संस्थेला दिला. भावना चांगली, संस्थाही वाईट नव्हती. यादी मात्र कुणी केली नाही, सत्काराचा नारळ आणि शाल तेवढी झाली. पाच-सहा वर्षांनी मी त्यांचं शाबरभाष्य, म्हणजे मीमांसासूत्रांवरचं जुनं भाष्य, बघायला गेले, कारण त्यात त्यांनी पान पान भरून टिपा केल्या आहेत हे मी त्यांच्या हयातीत स्वतः पाहिलं होतं. तिथल्या माणसाने नोंदवही बघून सांगितलं, शाबरभाष्य आमच्याकडे आधीपासून होतं, दुबार प्रती आम्ही काढून टाकल्या. जी प्रत ठेवली होती ती कोरी होती. काढून टाकलेल्यांतले दोन खंड मला पुढे पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत मिळाले, पावसाने फुगलेले. उरलेले गेले. त्या माणसाला मी काय दोष देणार? त्याच्या वहीत दोन्ही प्रतींचं नाव एकच होतं. ही प्रत वेगळी आहे, असं त्याला सांगणारा कागद आम्ही कुणीच त्याच्या हातात ठेवला नव्हता.

पुस्तकांत मध्येच काही ना काही सापडेल. पोस्टकार्डं, दक्षिणेचे हिशेब, प्रवचनाचा मुद्दा लिहिलेली पंचांगाची पानं, जाळीदार झालेलं पिंपळपान. काढून एका पिशवीत भरू नका. कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर सापडलं ते चिठ्ठीवर लिहा, फोटो घ्या आणि जमलं तर तिथेच राहू द्या. फुलं-पानं तेवढी वेगळी काढा, ती कागदाला डाग पाडतात आणि किडा बोलावतात.

पोथ्यांचं काम वेगळं आहे आणि मला विचाराल तर सगळ्यांत गोड तेच आहे. एका वेळी एकच फडकं सोडा. पोथी म्हणजे सुटी पानं, त्यामुळे दोन पोथ्या शेजारी उघडल्या आणि वाऱ्याची झुळूक आली की पुढचे दोन दिवस पानं लावण्यात जातात. पानांचे आकडे बहुधा समासात असतात, पानाच्या एकाच बाजूला. पहिलं पान आणि शेवटचं पान दोन्हींचे स्वच्छ फोटो घ्या. सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, बाजूला मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवून. शेवटच्या पानावर ग्रंथ संपल्यानंतर जो मजकूर असतो, त्याला पुष्पिका म्हणतात. कुणी लिहिलं, कुणासाठी, कुठल्या गावी, कुठल्या शकात, हे तिथे मिळतं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ते शके 1506 तारण संवत्सर, म्हणजे 1584. पौष ते फाल्गुन यांतली मिती असेल तर एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, तेवढं लक्षात ठेवा. काही पोथ्यांत शकाऐवजी विक्रम संवत् असेल, तिथे 57 वजा करायचे.

पानांवर मध्ये मध्ये पिवळे ठिपके, पिवळे पट्टे दिसतील. तो हरताळ. चुकलेलं अक्षर झाकायला लेखनिक तो लावत. आपण एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासला’ म्हणतो ते इथूनच आलं. हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो, तो विषारी आहे. म्हणून बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर पोथीपाशी ती सोडा, काम झालं की हात साबणाने धुवा, आणि लहान मुलांना फोटो बघू द्या, पानं नको. काजळाची शाई शेकडो वर्षं फिकी पडत नाही, पण पाणी लागलं की पसरते. त्यामुळे ओलं फडकं अजिबात नको. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, तोंडाला मास्क बांधून.

कीड असेल तर ते खोकं बाकीच्यांपासून लांब ठेवा, एवढं आज पुरे. उन्हात पसरू नका, जुना कागद तडकतो. पोथ्या बाहेर काढायला दसऱ्यानंतरचा कोरडा काळ उत्तम. जैन भांडारांत ही गोष्ट फार सुंदर रीतीने धर्मातच बसवली आहे. श्वेतांबरांत ज्ञानपंचमीला आणि दिगंबरांत श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते, त्या निमित्ताने ते बाहेर निघतात, पुसले जातात, वेष्टनं बदलली जातात. आपल्याकडच्या ब्राह्मण घरांत खंडेनवमी-दसऱ्याला पोथीवर फूल वाहतात, पण फडकं सोडून आत बघणारे थोडे. विदर्भातल्या कारंज्याच्या दिगंबर मंदिरांतल्या भांडारांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ टिकवले आणि त्यांतून हिरालाल जैन यांच्यासारख्या संपादकांना ते छापता आले. हे काही एका दिवसात झालं नाही.

आजोबांच्या वह्यांकडे येते, कारण तुम्ही त्यांचा उल्लेख अगदी शेवटी, जाता जाता केलाय. माझ्या दृष्टीने त्या ट्रंकेचा नंबर पहिला. छापील पुस्तक कुठेतरी दुसरं असेल, पोथीची दुसरी प्रत असेल, या वह्या फक्त तुमच्याकडे आहेत. पुराण सांगताना कुठला दृष्टान्त कुठे घ्यायचा, कुठे गावातली गोष्ट जोडायची, विद्यार्थ्यांना एखादी पंक्ती कशी लावून द्यायची, हे परंपरेचं ज्ञान बहुतेक वेळा छापलंच जात नाही. या वह्या पानन्‌पान फोटो काढल्याशिवाय कुणालाही देऊ नका, मलाही नाही. शिवाय हे त्यांचं अप्रकाशित लेखन आहे. त्याचे हक्क वारसांकडे आहेत, आणि हयातीत न छापलेलं लेखन असल्यामुळे 60 वर्षांची मुदत ते पहिल्यांदा प्रकाशित होईल तेव्हापासून मोजतात. त्यांना आलेली पत्रं वेगळी: कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. अभ्यासकाला दाखवायला हरकत नाही, छापायचं झालं तर विचारावं लागेल.

आता सगळं काही जपायला हवं का? नाही. दोन हजारांतली बरीच पुस्तकं कोऱ्या समासाची, आजही दुकानात मिळणारी असतील. गीताप्रेसची पुस्तकं, स्तोत्रसंग्रह, अलीकडची भाषांतरं. यादीत त्यांची नोंद ठेवा, कारण ते काय वाचत होते हे त्यातूनही कळतं. मग ती पुस्तकं जवळच्या वेदपाठशाळेला, गावच्या वाचनालयाला, संस्कृत शिकणाऱ्या मुलांना वाटून टाका. विद्यार्थ्याच्या हातात गेलेलं पुस्तक आजोबांना आवडलंच असतं. एकत्र ठेवायचं ते त्यांचं अक्षर जिथे जिथे आहे ते सगळं: वह्या, टिपा केलेली पुस्तकं, पत्रं, आणि ज्या पोथ्यांवरून ते शिकले आणि त्यांनी शिकवलं त्या. हे एका ठिकाणी जायला हवं. वह्या एका संस्थेत आणि टिपांची पुस्तकं दुसऱ्या संस्थेत गेली की वहीतलं ‘पृ. 212 वरील टिप्पणी पहा’ हे वाक्य कायमचं आंधळं होतं. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेल्या पोथी आकाराच्या जुन्या प्रतीही निवडून काढा. त्या हस्तलिखितासारख्या दिसतात म्हणून फसायला होतं. कागद आडवा धरून बघा, सगळ्या अक्षरांची शाई एकसारखी असेल आणि शेवटी छापखान्याचं नाव असेल. त्यांच्या प्रती फार थोड्या उरल्यात.

आता संस्था. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. खुद्द रा. गो. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिथे दिला आणि 1918 मध्ये सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह डेक्कन कॉलेजातून तिथे आला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याचं, काम तिथेच 1919 ते 1966 चाललं, त्यासाठी 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. अशी हस्तलिखितं कुणाच्या तरी घरात, मठात, माळ्यावर जपलेली असतात, हे तुमच्या काकांना सांगण्यासारखं आहे. पुण्यातच आनंदाश्रम आहे, वैदिक संशोधन मंडळ आहे, आणि ऐतिहासिक कागद निघाले तर भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. वाईला प्राज्ञपाठशाळा. रामदासी बाडं, म्हणजे रामदासी संप्रदायातल्या हस्तलिखित वह्या, निघाली तर धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर. केंद्र सरकारचं हस्तलिखितांचं अभियान 2003 पासून होतं, 2025 च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ नावाने ते नव्याने जाहीर झालं आणि त्यात खाजगी संग्रहांचीही नोंद धरली आहे. म्हणजे पोथी घरात ठेवूनही तिची नोंद राष्ट्रीय सूचीत होऊ शकते. हा मार्ग लोकांना माहीतच नसतो.

यांतली कुणाला द्यावी हे मी इथून ठरवणार नाही. तुम्ही यादी घेऊन स्वतः जा. यादी हातात असली की बोलणंच बदलतं. ‘आजोबांची पुस्तकं आहेत, घेता का?’ याला कुणीही ‘बघू’ म्हणतो. ‘ही एवढी हस्तलिखितं, ही एवढी सटीप पुस्तकं, या वह्या’ असं लिहून समोर ठेवलं की जाणकार माणूस खुर्ची पुढे ओढतो. तिथे गेल्यावर एक परीक्षा नक्की घ्या. आठ-दहा वर्षांपूर्वी कुणा दुसऱ्या विद्वानांचा संग्रह त्यांना मिळाला असेल, त्यातलं एखादं पुस्तक बघायला मागा. अर्ध्या तासात ते तुमच्या हातात आलं आणि त्यावर मूळ मालकाचं नाव असेल, तर तुमच्या आजोबांच्या पुस्तकांनाही तिथे घर आहे. ‘अजून खोकी उघडायची आहेत’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. मोठ्या नावाच्या संस्थेपेक्षा एक नेमाने काम करणारा ग्रंथपाल असलेली लहान संस्था मी पुष्कळदा जास्त भरवशाची पाहिली आहे.

द्यायचं ठरलं की तोंडी नको. साधं दानपत्र करा, यादी त्याला जोडा, यादीच्या प्रत्येक पानावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. तुमच्या बाजूने काका, दादा, आत्या असतील तर त्या, सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, नाहीतर उद्या वाद उभा राहतो. त्यात लिहून घ्या की प्रत्येक पुस्तकावर आजोबांच्या नावाची चिठ्ठी लागेल, दुबार म्हणून काही काढायचं झालं तर आधी तुम्हाला कळवतील, अभ्यासकांना बघायला मिळेल, आणि छायाप्रतींचा एक संच तुमच्याकडे राहील. ‘संपूर्ण संग्रह वेगळ्या कपाटातच ठेवावा’ अशी अट लोक हौसेने घालतात. जागेअभावी ती फार दिवस पाळली जात नाही, मी आग्रह धरणार नाही. कपाट फुटलं तरी चालेल, चिठ्ठी आणि यादी टिकली पाहिजे.

आणि संस्थेत गेलं म्हणजे सुटलो, असंही समजू नका. 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, कपाटं उलथली, पुस्तकं आणि पोथ्या जमिनीवर विखुरल्या. त्या दिवसाचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या पोटात कालवतं. आग, पूर, गळकं छप्पर, कुठेही येऊ शकतं. अशा वेळी विखुरलेलं पान कुठल्या पोथीचं, हे आधी लिहून ठेवलेली नोंदच सांगते. म्हणून यादीच्या तीन प्रती करा: एक संस्थेकडे, एक तुमच्याकडे, एक दादांकडे.

शनिवारपर्यंत फळ्यांचे फोटो आणि खोक्यांचे नंबर एवढं झालं की मला कळवा. पोथ्यांची शेवटची पानं जसजशी निघतील तसतसे त्यांचे फोटो पाठवत राहा, पुष्पिका वाचून शक-संवत्सर लावून देईन. मजकूर मोडीत निघाला तरी पाठवा, मोडी मला येते.